ऑफर घेण्याआधी विचार, तिथला क्वालिटी हेड कोणाला रिपोर्ट करतो

प्रश्न लांब होता म्हणून आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. परभणीला फूड टेकचं शेवटचं वर्ष, हातात दोन ऑफर. एक मोठ्या नावाच्या बिस्कीट कंपनीत, प्लांटला क्वालिटी ऑफिसर, सीटीसी (कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ४.२ लाख. दुसरी सांगलीजवळच्या मसाल्याच्या कंपनीत, घरापासून पाऊण तासावर, २२ हजार हातात. वडिलांना नाइट शिफ्टचं टेन्शन, डायटिशियन ताई म्हणते मैदा-साखर विकायला एवढी शिकलीस का, आणि तुला विचारायचंय की एवढ्या मोठ्या पॅकेज्ड फूड कंपनीत काम करणं नेमकं असतं कसं.

मी पण परभणीचाच, २००७ ची बॅच. तेव्हापासून बिस्कीट आणि स्नॅक्सच्या प्लांटलाच आहे, तीन कंपन्या झाल्या, बारा वर्षं क्वालिटीत काढली आणि नंतर प्रॉडक्शनला गेलो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन झाल्यात. वयानं माझ्या पुतणीएवढी असशील म्हणून सरळ तू म्हणतो, राग मानू नकोस.

पहिली गोष्ट, पाकिटावरचं नाव आणि तुझ्या पगारपत्रकावरचं नाव एकच असेल असं धरून चालू नकोस. मोठ्या ब्रँडचा निम्माअधिक माल कधीकधी दुसऱ्याच कोणाच्या फॅक्टरीत बनतो, त्याला को-पॅकर म्हणतात, जुनी माणसं 'जॉबवाला' म्हणतात. रेसिपी ब्रँडची, रॅपर ब्रँडचं, मशीन आणि माणसं जॉबवाल्याची, आणि ब्रँडचा एक क्वालिटीवाला तिथे टेबल टाकून बसलेला. तुझं पोस्टिंग कुठे आहे? कंपनीच्या स्वतःच्या प्लांटला, की को-पॅकरकडे कंपनीची माणूस म्हणून, की कंपनीच्या प्लांटला पण एखाद्या एजन्सीच्या रोलवर? तिन्हीत आयकार्ड सारखंच दिसतं, आणि तीन नोकऱ्या एकदम वेगळ्या असतात. एजन्सीच्या रोलवर असशील तर 'एक वर्षात कन्फर्म करू' हे तोंडी आश्वासन मी कितीदा ऐकलंय त्याची गणती नाही, पाळलेलंही पाहिलंय पण कमी. ऑफर लेटर नीट वाच, वरती कोणाचं लेटरहेड आहे ते बघ.

आता काम. कॉलेजात आपल्याला वाटतं फूड टेक म्हणजे नवीन प्रॉडक्ट, रेसिपी, ट्रायल. ते आर अँड डी मध्ये, ते बहुतेक हेड ऑफिसजवळ, आणि तिथे आधी म्हैसूरच्या सीएफटीआरआयची नाहीतर माटुंग्याच्या आयसीटीची मास्टर्सवाली मुलं बसलेली असतात. प्लांटचं काम याच्या बरोब्बर उलटं आहे. काल निघालं तसंच बिस्कीट आज निघालं पाहिजे आणि उद्याही, नवीन काहीही घडता कामा नये यासाठी तीनशे माणसं चोवीस तास राबतात. ऐकायला कंटाळवाणं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. पण ते 'तसंच' ठेवणं म्हणजे काय हे एकदा जवळून बघ.

मैद्याचंच घे. एप्रिल-मे मध्ये नवीन गहू गिरणीत जायला लागतो आणि मैदा बदलतो, सर्टिफिकेटवर ग्लुटेन तेवढंच, मॉइश्चर तेवढंच, तरी कणीक पाणी वेगळं पिते. हार्ड डो, म्हणजे घट्ट कणीक असेल तर लाटलेली शीट आखडते, ओव्हनमधून बिस्कीट जरा लहान आणि जाड येतं. किती जाड? दहा बिस्किटं एकावर एक रचून व्हर्नियरनं मोजायची, आमच्यात त्याला गेज घेणं म्हणतात, त्यात दोन मिलिमीटर वाढले तरी बास. कारण पाकिटात बिस्किटं मोजून जातात, पाकिटाची लांबी ठरलेली, मग शेवटचं बिस्कीट पाकीट चिकटवणाऱ्या सीलिंग जॉमध्ये सापडतं, चुरा होतो, चुरा सीलमध्ये बसतो, सील लीक, आणि दोन महिन्यांनी कोकणातल्या कुठल्यातरी दुकानात ते पाकीट मऊ पडलेलं निघतं. उलट गेज कमी झालं तर पाकीट ढिलं, वजन कमी. १०० ग्रॅमच्या पाकिटाला लीगल मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे वजनमापांच्या नियमात एखाद्या पाकिटाला साडेचार ग्रॅमपर्यंत चूक चालते पण सरासरी खाली जाऊन चालत नाही, म्हणून प्रॉडक्शनवाले घाबरून वजन थोडं वर ठेवतात. आता हिशोब कर, तासाला दोन टनाची लाइन, दिवसाला वीस तास धरले तर चाळीस टन, पाकिटामागे एकच ग्रॅम जास्त गेला तरी रोज चारशे किलो बिस्कीट फुकट वाटलं. याला गिव्हअवे म्हणतात आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये प्लांट हेड सगळ्यात जास्त ज्या आकड्यावर चिडतो तो हाच.

आणि एक प्रकार आहे चेकिंग नावाचा. बिस्कीट ओव्हनमधून मस्त निघतं, रंग छान, पॅक होतं, आणि एक-दोन दिवसांनी पाकिटातल्या पाकिटात मधोमध केसासारखी चीर पडते. कोणी आपटलं नाही, काही नाही. कडा सुकलेली आणि पोटात ओल राहिलेली, ती ओल हळूहळू कडेला सरकते, पोट आकसतं, कडा फुगते, आणि तडकतं. तू चार दिवसांपूर्वी ज्या ओव्हनच्या शेवटच्या झोनचं तापमान मान डोलावून पास केलंस त्याचा निकाल आज लागतो. मला ही असली कामं आवडायला लागली, शपथेवर सांगतो. पण माझ्याबरोबर जॉइन झालेल्या चौघांपैकी दोघं दीड वर्षात कंटाळून बँकेच्या परीक्षा द्यायला लागले, एक आता ग्रामीण बँकेत मॅनेजर आहे आणि माझ्यापेक्षा लवकर घरी जातो. तू कोणत्या जातकुळीची आहेस ते तुलाच माहीत, तेवढं मी इथून सांगू शकत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं टाइप करतोय.

माझी पहिली नोकरी उत्तराखंडात रुद्रपूरला. २००३ मध्ये तिकडे उद्योगांना दहा वर्षं एक्साइज माफ केलं होतं म्हणून अर्ध्या देशाच्या फूड कंपन्या तराईत जाऊन बसल्या होत्या आणि आम्ही परभणी-नांदेडची पोरं त्यांच्यामागे. २००९ चा जानेवारी, ३१ तारीख, धुकं असं की हॉस्टेलचं गेट दिसत नाही. सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी. पहाटे तीनला मी मेटल डिटेक्टरचा तासाचा चेक घ्यायला गेलो. आत धातूचा कण बसवलेल्या चाचणीच्या तीन काड्या असतात, फेरस म्हणजे लोखंडाची दीड मिमी, नॉन-फेरस म्हणजे पितळेसारख्या धातूची दोन, स्टेनलेस स्टीलची अडीच, प्रत्येक काडी पाकिटाबरोबर बेल्टवरून तीनदा सोडायची, तिन्ही वेळा मशीननं पाकीट बाहेर फेकलं पाहिजे. स्टीलची काडी पहिल्यांदा सरळ निघून गेली. परत सोडली, गेली. तिसऱ्यांदा फेकली. नियम स्पष्ट आहे, नऊपैकी नऊ, नाहीतर फेल, आणि फेल म्हणजे मागच्या ओके चेकपासून बनलेला सगळा माल होल्ड, म्हणजे अडवून ठेवायचा. मागचा चेक दोनचा. म्हणजे एका तासाचे दोन टन, सहा किलोची पेटी धरली तर तीनशे तीसच्या आसपास पेट्या.

बाहेर गाडी लागलेली. मंथ एंड. शिफ्ट इन्चार्ज माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, मला रोज स्वतःच्या डब्यातला पराठा देणारा माणूस, तो म्हणाला, 'अरे तीन में से एक बार तो पकड़ा ना.' मी होल्डचे लाल टॅग बाहेर घेतले, लावायला सुरुवात पण केली. त्यानं प्लांट हेडला उठवलं, फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून फक्त एवढंच, सकाळी बघू, आत्ता गाडी सोड, कोणी सांगितलंय तुला तीन वाजता हिरो बनायला. माझ्या वरचा क्वालिटी मॅनेजर त्याच प्लांट हेडला रिपोर्ट करायचा, त्याचं अप्रेझल तोच लिहायचा, त्याला फोन करून काय उपयोग हे मला नोकरीला दोन वर्षं व्हायच्या आतच चांगलं कळत होतं. मी लावलेले टॅग परत काढून टाकले, रजिस्टरला ओके लिहिलं, गाडी गेली.

काहीच झालं नाही. एकही कम्प्लेंट आली नाही. आणि वाईट ते हेच झालं, कारण मी शिकलो की काही होत नाही. पुढच्या वर्षभरात मी स्वतःहून, कोणी फोन न करता, दोनदा असंच ओके लिहिलं. हे मी कुठल्याच इंटरव्ह्यूत सांगितलेलं नाही.

२०१३ ला दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या राज्यात, जवळजवळ तोच प्रसंग, फक्त पहाटेचे चार आणि काडी नॉन-फेरस. तिथे क्वालिटी हेड प्लांट हेडच्या हाताखाली नव्हता, थेट कॉर्पोरेट क्वालिटीला रिपोर्ट करायचा, आणि होल्डची नोंद सिस्टिमला एकदा टाकली की प्लांटमधल्या कोणालाही ती उडवता येत नव्हती, प्लांट हेडलासुद्धा. मी टॅग लावले. कोणीही मला फोन केला नाही. प्रॉडक्शनवाला नुसतं 'कटकट आहे यार' म्हणाला आणि चहा प्यायला गेला. सकाळी सहा बायका बसल्या, पेट्या उघडून एकेक पाकीट दुसऱ्या लाइनच्या डिटेक्टरमधून काढलं, परत पेटीत भरलं, दुपारी दोनला संपलं. काही सापडलं नाही, डिटेक्टरचा एक बोल्ट ढिला होऊन मशीन थरथरत होतं एवढंच. विषय संपला.

माणूस तोच होता. मी काही चार वर्षांत जास्त प्रामाणिक झालो नव्हतो. म्हणून कोणी विचारलं की कंपनी कशी आहे तर मी आता ब्रँड, कॅन्टीन, इन्क्रिमेंट यातलं काही विचारत नाही, विचारतो की तिथला क्वालिटी हेड कोणाला रिपोर्ट करतो आणि होल्ड केलेला माल सोडायचा अधिकार कोणाचा. इंटरव्ह्यू झाला असेल तरी एचआरला मेल टाकून विचारता येतं, 'रिपोर्टिंग स्ट्रक्चर समजून घ्यायचं आहे' असं म्हण, यात कोणाला काही गैर वाटत नाही. उत्तर गोलमोल आलं तर तेही उत्तरच आहे.

मोठ्या कंपनीत कागद प्रचंड असतो हेही सांगून ठेवतो. एफएसएसएआय म्हणजे सरकारची अन्नसुरक्षा संस्था, एचएसीसीपी आणि आयएसओ २२००० ही अन्नसुरक्षेची मानकं, एखादं मोठं गिऱ्हाईक बाहेरच्या देशातलं असेल तर त्याचं वेगळं ऑडिट. ऑडिटच्या आदल्या रात्री फ्लोअरला पिवळे पट्टे मारणं, ही गंमत सगळीकडे चालते, त्याचं मनावर घेऊ नकोस. मनावर घ्यायची गोष्ट वेगळी, रजिस्टर उघडून बघ, महिनाभराच्या तिन्ही शिफ्टच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं, एकाही खाडाखोडीशिवाय असतील तर ते रजिस्टर काल रात्री भरलंय. खऱ्या रजिस्टरवर तेलाचे डाग असतात आणि सी शिफ्टचं अक्षर वाकडं असतं. आता बऱ्याच ठिकाणी टॅबवर नोंदी आहेत, तिथे वेळ बघायची, आठ तासांच्या आठ नोंदी शेवटच्या दहा मिनिटांत टाकलेल्या असतात.

२०१५ ला मॅगी नूडल्समधल्या शिशाचं प्रकरण झालं ते तुला शाळेतलं आठवत असेल. जूनमध्ये एफएसएसएआयचा आदेश, ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टानं तो रद्द करून नव्यानं तपासण्या करायला सांगितल्या, नोव्हेंबरला माल परत दुकानात. आम्ही नूडल्स बनवतच नव्हतो, तरी त्या जूनमध्ये आमच्याकडे पाकिटावरचा एकेक शब्द सोलून काढला, 'नो ॲडेड' अमुक तमुक जे काही छापलंय त्याचा कागद कुठाय, शिसं शेवटचं कधी तपासलं, कुठल्या लॅबला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांत क्वालिटीवाल्याच्या शब्दाला वजन आलं हे खरं आहे, आणि वजन आलं की त्याच्यावर ढकलायची सवयही आली, हेही.

पैशाचं आणि शिफ्टचं पटकन सांगतो. ४.२ लाखात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कधी कॅन्टीन-बसचे पैसेही धरलेले असतात, हातात २८-२९ हजार येतील असं धर, व्हेरिएबल जास्त असेल तर त्याहून कमी. २००७ ला मी नऊ हजारावर लागलो होतो आणि रूमला तिघं राहायचो. पहिल्या कंपनीत राहून पगार फार वाढत नाही, दोन-तीन वर्षांनी बदलली की उडी बसते, सगळे तेच करतात. शिफ्ट म्हणजे ए, बी, सी, आठवड्याला बदलते, आणि शरीराला जुळवून घ्यायला लागणारे चार दिवस संपतात तोवर शिफ्ट बदलायची वेळ येते. वडिलांना सांग की बायकांना नाइट शिफ्टला लावायचं तर कायद्यानं लेखी संमती आणि ने-आण करायची सोय लागते, नुसतं 'व्यवस्था आहे' यावर जाऊ नका, बस दारापर्यंत येते की हायवेच्या फाट्यावर सोडते हे विचारा. फाट्यापासूनचा एक किलोमीटर कुठल्याच पॉलिसीत लिहिलेला नसतो. माझ्या टीममध्ये आता पाच मुली आहेत, दोघी सी शिफ्ट करतात, त्यांनी पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारला होता.

बारीकसारीक गोष्टी पण असतात ज्या कोणी सांगत नाही. बांगड्या, अंगठी, घड्याळ, नेलपॉलिश, परफ्यूम काही चालत नाही, मंगळसूत्रावरून तर दर बॅचला एक भांडण होतं. बोट कापलं तर निळी पट्टी लावतात, आत धातूची पातळ पट्टी असलेली, म्हणजे बिस्किटात पडली तर रंगानं दिसावी नाहीतर डिटेक्टरनं धरावी. महिनाभरात बिस्किटाचा वास येणं बंद होतं, तुला. घरच्यांना येत राहतो, माझी बायको दारातूनच सांगते आज कुठल्या लाइनला होतास, ऑरेंज क्रीम की जिरा. आणि नातेवाईक प्रत्येक लग्नात बिस्किटं मागतात.

एक गोष्ट मात्र पटकन सांगून सोडण्यासारखी नाही. पॅकिंग हॉलमध्ये शंभर माणसं उभी दिसतील त्यातली बहुतेक कॉन्ट्रॅक्टरची, आजूबाजूच्या गावच्या बायका जास्त. तुझी टोपी एका रंगाची, त्यांची दुसऱ्या. त्या आठ तास उभ्या राहून मिनिटाला किती पाकिटं पेटीत घालतात ते एकदा मोजून बघ, मी पहिल्या दिवशी मोजायचा प्रयत्न केला आणि माझीच मोजणी चुकली. तू बावीस वर्षांची, त्यांच्यातली एखादी तुझ्या आईच्या वयाची, आणि तिची नखं तपासायचं काम तुझं. हे जमायला मला वर्ष लागलं. आणि खरं सांगू, लाइनवर काही बिघडलंय हे सगळ्यात आधी कॅमेऱ्याला किंवा लाइनवरच्या वजन तपासणाऱ्या मशीनला कळत नाही, या बायकांच्या हाताला कळतं, 'साहेब आज पुडा हलका लागतोय' असं म्हणाल्या की मी वजनकाट्याआधी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. पण त्या हे सांगतील तेव्हाच जेव्हा मागच्या वेळी सांगितल्यावर लाइन थांबली म्हणून त्यांच्यावर कोणी ओरडलेलं नसेल. कंपनी मोठी असो की छोटी, हे तुझ्या हातात असतं. त्यांच्या पगाराचं, पीएफ-ईएसआय वेळेवर भरलं की नाही याचं, ते तुझ्या हातात नसतं, आणि दरवर्षी त्याच कामाला तोच माणूस 'तात्पुरता' म्हणून उभा असतो हे बघत राहावं लागतं. मी प्रॉडक्शनला गेल्यावर नऊ जणींना कंपनीच्या रोलवर घ्या म्हणून लिहिलं होतं. दोघींना घेतलं.

सेल्सचं मला बाहेरूनच माहीत, रूम पार्टनर एरिया सेल्सला होता, एवढंच म्हणेन की आपली ३१ तारीख त्यांच्यामुळे तशी असते, महिनाअखेरीला डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात माल घालायचा आणि एक तारखेला सगळीकडे शांतता. धक्के मात्र बाहेरून कुठूनही येतात. २०२२ ला इंडोनेशियानं २८ एप्रिलपासून पामतेलाची निर्यात थांबवली, मे संपायच्या आत उठवली पण, तेवढ्या दिवसांत आमच्या परचेसवाल्याचे केस पिकले. २२ सप्टेंबर २०२५ ला बिस्किटांवरचा जीएसटी १८ चा ५ झाला, टीव्हीवर पेढे, आणि आमच्याकडे जुन्या एमआरपीच्या रॅपरचे रोल गोडाऊनभर. पाच रुपयांचं पाकीट पाचच रुपयांचं असावं लागतं, पोराच्या हातात नाणं असतं ना, मग किमतीऐवजी ग्रॅम हलतात. ग्रॅम हलले की बिस्किटांची संख्या, पाकिटाची लांबी, पेटीचं माप, सगळं हलतं, आणि ते बसवता बसवता दोन आठवडे प्लांटला झोप नसते.

आता तुझ्या ताईचा प्रश्न, तो मला टाळायचा नाहीये. ती अर्धी बरोबर आहे. आम्ही विष विकत नाही, पण सकाळी पोराला दुधाबरोबर चार बिस्किटं देऊन नाश्ता झाला म्हणणाऱ्या आईला ते जेवण नाही हे पाकिटावर सापडत नाही, कारण पाकिटावर गव्हाचं कणीस आणि दुधाचा पेला काढलेला असतो. माझ्या घरी बिस्कीट चहाबरोबर, दोन, बास. एफएसएसएआयनं सप्टेंबर २०२२ ला पाकिटाच्या दर्शनी बाजूला तारे द्यायचा मसुदा काढला तेव्हापासून वाद चालू आहे, आणि कंपन्यांना तो किती नकोसा आहे हे आत बसून दिसतं. पण दुसरी अर्धी बाजू पण ऐक. तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटची (हृदयाला वाईट असलेल्या चरबीची) मर्यादा जानेवारी २०२१ ला ३ टक्के आणि जानेवारी २०२२ ला २ टक्के झाली. कागदावर एक ओळ. प्लांटमध्ये मात्र जुनं शॉर्टनिंग (बिस्किटात घालायचं घट्ट तूप-तेल) गेलं, नवीन वेगळ्या तापमानाला गोठायचं, क्रीम उन्हाळ्यात पातळ होऊन कडेनं बाहेर यायची, क्रीमचं बिस्कीट एकमेकांवर घसरायचं, सहा महिने आम्ही कूलिंग आणि क्रीमिंग मशीनशी झटलो. बसवलं शेवटी. ते काम कोणीतरी फूड टेकवाल्यानंच केलं, दवाखान्यात बसून ते होत नव्हतं. ताईला हे सांगून बघ, पटणार नाही कदाचित, माझ्या मेव्हणीला नाही पटलेलं.

मसाल्याची कंपनी. तुझ्या निम्म्या वर्गमित्रांनी नाक मुरडलं असेल पण मी एवढ्यात फेटाळणार नाही. छोट्या ठिकाणी तू मिरची खरेदीला मार्केट यार्डात जाशील, हळदीत कुरकुमिन, म्हणजे तिला रंग देणारा घटक, किती ते बघशील, लेबल तूच बनवशील, एफएसएसएआयच्या लायसन्सचं काम तूच बघशील, दोन वर्षांत जे कळेल ते मोठ्या ठिकाणी पाच वर्षांत कळत नाही कारण तिथे तू एका लाइनच्या एका टोकाला असतेस. तोटा असा की तिथे क्वालिटी हेड तूच आणि रिपोर्ट मालकाला, मधे कोणी नाही. मालक चांगला असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर माझा रुद्रपूरचा किस्सा रोज, आणि वर मालकाचा मुलगा. एप्रिल २०२४ ला हाँगकाँग आणि सिंगापूरनं इथिलीन ऑक्साइड या जंतू मारायला वापरतात त्या रसायनावरून आपल्याकडच्या काही मसाल्यांवर कारवाई केली, तेव्हापासून एक्स्पोर्ट करणारे मसालेवाले तपासण्यांना बरेच घाबरतात. म्हणून विचार की माल बाहेर जातो का, वाफेनं जंतू मारणारा स्टीम स्टरिलायझर स्वतःचा आहे का बाहेरून करून आणतात, आणि एखादा लॉट फेल झाला तर मागच्या वर्षी त्याचं काय केलं. शेवटचा प्रश्न मालकाला समोरासमोर विचार आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघ.

माझा कल विचारशील तर असा. मोठी ऑफर कंपनीच्या स्वतःच्या रोलवर आणि स्वतःच्या प्लांटला असेल, आणि क्वालिटी प्लांट हेडच्या खाली नसेल, तर डोळे झाकून जा, तीन वर्षं कर, मग बघू. एजन्सी रोल असेल किंवा होल्डचा अधिकार प्रॉडक्शनकडे असेल तर मी सांगलीला जाईन, मालकाचा चेहरा बरा वाटला तर. आणि को-पॅकरकडे कंपनीची माणूस म्हणून एकटी बसवणार असतील तर पहिल्या नोकरीला नको, तिथे जेवायला कोणी बरोबर बसत नाही.

जॉइन होण्याआधी एकदा प्लांट बघायला मागितलास तर शक्यतो दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला जा, ए शिफ्ट सुटते तेव्हा. गेटवर उभी राहा आणि बाहेर पडणाऱ्या पॅकिंगच्या बायका एकमेकींशी बोलतायत का ते बघ. एचआरचं प्रेझेंटेशन नंतर बघितलं तरी चालेल. आणि लेटरहेडचं काय निघालं ते इथे लिही, कंपनीचं नाव नको लिहूस, मला नुसतं स्वतःचा रोल की एजन्सी एवढं सांग.